जाण्याचा टप्पा सोडला, तर येण्याचे तिकीट उरते का?



या सदरात आपण बियाण्याची उगवणशक्ती, हुमणी, ठिबकच्या चोंदलेल्या तोट्या अशा विषयांवर बोलत असतो. विमानाचे तिकीट इथे कुठून आले, असे आपणांस वाटेल. पण गावोगावची परिस्थिती बदलली आहे. कोणाचा मुलगा दुबईत आहे, कोणाची लेक अमेरिकेत. लेकीच्या बाळंतपणाला आई आधी जाते, पेरणी उरकून वडील मागाहून जातात. शिर्डीला तर ऑक्टोबर २०१७ पासून विमान उतरते आहे. कृषी खात्याच्या परदेश अभ्यास दौऱ्यांत आपल्यापैकी काहीजण इस्राएल, नेदरलँड्स पाहूनही आले.

गेल्या दोन महिन्यांत मला तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारला गेला. एकदा शेतीशाळेत, एकदा लग्नाच्या मांडवात आणि एकदा खताच्या दुकानात. प्रश्न असा : "साहेब, जाण्या-येण्याचे तिकीट काढले आहे. त्यातला एक टप्पा आम्हाला नको. तो तसाच सोडून दिला तर चालेल का?"

याचे उत्तर, कोणता टप्पा सोडता, यावर आहे. पहिला किंवा मधला टप्पा न कळवता सोडला, तर बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या तिकिटात त्याच्या पुढचे सगळे टप्पे रद्द होतात, परतीचा प्रवाससुद्धा. अगदी शेवटचा टप्पा सोडला, तर साधारणपणे त्या टप्प्याचे पैसे जातात, एवढेच. कारण त्याच्यापुढे रद्द करायला काही उरलेलेच नसते. एवढे ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले. पण माणसे नेमकी कुठे फसतात, ते उदाहरणावाचून कळत नाही.

माझ्या माहितीतले निफाडकडचे एक द्राक्ष बागाईतदार जोडपे आहे. थोरला मुलगा जर्मनीत नोकरीला. सुनेचे दिवस भरत आले होते. मुलाने तिकडूनच आई-वडिलांचे तिकीट काढून पाठवले. मुंबई ते दिल्ली, दिल्ली ते फ्रँकफर्ट, आणि तसेच परत. सगळे मिळून एकच तिकीट. खरड छाटणी उरकली, बाग धाकट्याच्या हवाली केली आणि बाईंच्या मनात आले, की एवीतेवी दिल्लीवरूनच जायचे आहे, तर आधी हरिद्वार करून घेऊ. नातवंडाच्या तोंडात गंगाजलाचा थेंब पडेल. विचार काही वाईट नव्हता. रेल्वेने दिल्ली, तिथून हरिद्वार, परत दिल्ली आणि मग विमान. मुंबई-दिल्ली विमानाची गरजच उरली नाही. तालुक्याच्या गावी एका एजंटाकडे विचारले, तर तिथला पोऱ्या म्हणाला, "सोडून द्या तो तुकडा. पैसे तर भरलेत ना? बसले नाही तर कंपनीचा फायदाच आहे."

बोलणे ऐकायला पटते. एस.टी.चे तिकीट नाशिकपर्यंत काढले आणि आपण सिन्नरलाच उतरलो, तर कंडक्टर काही म्हणत नाही. रेल्वेतही जाण्याचे आरक्षण वेगळे, येण्याचे वेगळे. जाताना गाडी चुकली म्हणून येतानाची जागा कोणी काढून घेत नाही. आपली सवय ती.

हे दोघे ठरल्या दिवशी दिल्लीच्या विमानतळावर तीन तास आधी हजर झाले. दोन मोठ्या बॅगा. त्यांत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, आळीव, बाळाची कुंची आणि दुपटी. खिडकीवरच्या मुलीने पासपोर्ट घेतले, यंत्रात पाहिले आणि सांगितले, की तुमचे तिकीट रद्द झालेले आहे. त्यांच्या तिकिटातल्या मुंबईच्या विमानात हे दोघे दिसले नाहीत, तेव्हा यंत्राने पुढचे तिन्ही टप्पे आपोआप खोडून टाकले होते. फ्रँकफर्टला जाणारे विमान समोर होते, त्यात जागाही होती, पण ती आता यांची नव्हती. मुलाला फोन लावला. तिकडे सूनबाईंना दवाखान्यात नेण्याची तयारी चाललेली. शेवटी मुलाने त्याच दिवसाचे नवे तिकीट काढले. त्या दिवशी जो भाव होता, त्या भावाने. परतीचेही पुन्हा काढावे लागले.

आपण हा हिशेब आपल्या भाषेत करू. समजा एका माणसाला साठ हजार जादा पडले, तर दोघांचे एक लाख वीस हजार. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे साडेबावीस क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव पदरात पडला तर. तीन एकरांचे पीक त्या खिडकीवर ठेवून आल्यासारखे झाले. आणि ते टाळायला काय हवे होते? निघण्याआधी कंपनीला एक फोन.

आता यंत्र असे का करते, ते पाहू. पूर्वी विमानाचे तिकीट म्हणजे लाल कार्बनचे एक छोटे पुस्तक असे. प्रत्येक टप्प्याचे एकेक कूपन, आणि बसताना खिडकीवरचा माणूस ते फाडून घेई. कूपने क्रमानेच वापरली पाहिजेत, असा नियम त्यात छापलेला असे. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेने १ जून २००८ पासून कागदी तिकिटे बंद करून सगळीकडे ई-तिकीट आणले. पुस्तक गेले, पण कूपने गेली नाहीत. ती आता यंत्रात आहेत आणि क्रमाचा नियमही तसाच आहे. न कळवता गैरहजर राहिलेल्या प्रवाशाला कंपन्या 'नो-शो' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण तिकिटाच्या अटींत तोच सापडतो. मोबाईलवर आदल्या दिवशी चेक-इन करून ठेवले म्हणजे प्रवास झाला, असेही धरत नाहीत. विमानात प्रत्यक्ष बसलेले असावे लागते.

आणि कंपनीला यात काय मिळते? हे समजायला आपल्याला लांब जायला नको. नारायणगावहून वाशीला टोमॅटो घेऊन जाणारा ट्रकवाला येताना रिकामा येऊ नये म्हणून परतीचे भाडे कमी लावतो. आता त्याला कोणी म्हणाले, की जाताना माझा माल नाही, पण येताना मात्र तुझ्या परतीच्या दरानेच आण, तर तो गाडी पुढे काढील. विमान कंपनीचेही काहीसे असेच आहे. तिकिटाचा भाव ती अंतरावर लावत नाही. कोणत्या दोन गावांमध्ये किती मागणी आहे, कोणती कंपनी तिथे स्पर्धेला आहे, प्रवासी कामाचा आहे की सुटीचा, यावर लावते. त्यामुळे परदेशाच्या बाबतीत पुष्कळदा अशी गंमत दिसते, की नुसते जाण्याचे तिकीट महाग आणि जाण्या-येण्याचे मिळून स्वस्त. कधी जवळच्या शहराचे तिकीट महाग, तर त्याच शहरावरून पुढे लांब जाणारे स्वस्त. ज्याने बाजार समितीत एकाच दिवशी दोन आडतींवर कांद्याचे दोन भाव पाहिले आहेत, त्याला यात नवल वाटणार नाही.

मग हुशार माणूस काय करतो? लांबचे स्वस्त तिकीट काढतो आणि मधल्या शहरात उतरून घरी जातो. कंपन्यांना हे मुळीच खपत नाही. अमेरिकेत अशी स्वस्त तिकिटे शोधून देणाऱ्या 'स्किपलॅग्ड' नावाच्या संस्थेच्या तरुण संस्थापकावर २०१४ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने दावा लावला. २०२३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने त्या संस्थेवर लावला. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेक्ससच्या ज्यूरीने संस्थेने ९४ लाख डॉलर द्यावेत असे ठरवले. मात्र ते कंपनीचे बोधचिन्ह विनापरवाना वापरल्याबद्दल. मध्येच उतरणाऱ्या प्रवाशाने गुन्हा केला, असे त्या निकालाने ठरवलेले नाही.

जर्मनीतली हकीकत अधिक उद्बोधक आहे. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले, की एक टप्पा सोडला म्हणून प्रवाशाचा पुढचा सगळा हक्क बुडवणे, ही अट प्रवाशावर अन्याय करणारी आहे. कंपनीला आपली भावपद्धत सांभाळायची असेल तर तिने फार तर भाड्यातला फरक मागावा. तेव्हापासून तिकडे काही कंपन्या तिकीट खोडत नाहीत, तर भाड्याचा नवा हिशेब करून वरची रक्कम मागतात. पुढे लुफ्तान्सा कंपनीने असाच फरक एका प्रवाशाकडे मागितला. तो ओस्लोहून फ्रँकफर्टमार्गे सिएटलला गेला होता आणि येताना फ्रँकफर्टलाच उतरून बर्लिनला गेला. कंपनीने दोन हजार युरोंहून अधिक रक्कम मागितली. बर्लिनच्या खालच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो दावा फेटाळला, कारण नवा हिशेब कसा करणार, हे अटींत प्रवाशाला समजेल असे लिहिलेले नव्हते.

मला जर्मन न्यायालयाचे म्हणणे रास्त वाटते. पैसे पूर्ण घेतले, जागा रिकामी गेली, कंपनीचे इंधन थोडे वाचले. मग परतीचा प्रवास काढून घेण्याचे कारण काय? अट घालायचीच तर ती तिकिटावर ठळक अक्षरात, आणि आपल्याकडे मराठीतही, छापली पाहिजे. औषधाच्या बाटलीवर विषारीपणाचा त्रिकोण असतो ना, तसे काहीतरी. पण तिथला निकाल तिथे. दिल्लीच्या खिडकीवर उभे राहून तो दाखवल्याने विमानात घेणार नाहीत, म्हणून आपण आपल्यापुरती काळजी घ्यावी.

आता शेवटचा टप्पा सोडण्याविषयी. अमेरिकेहून मुंबईमार्गे नागपूरचे तिकीट आहे आणि आपले गाव संगमनेर. मुंबईलाच उतरून घरी जावे, असे वाटणे साहजिक आहे. परदेशातून येताना भारतात ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरतो, तिथेच बहुधा सामान हातात घेऊन कस्टममधून बाहेर यावे लागते, त्यामुळे मुंबईला उतरणाऱ्याच्या बॅगा सहसा अडकत नाहीत. तरी बॅगा देताना खिडकीवर विचारून घ्यावे. जाताना मात्र उलट. परदेशातल्या मधल्या शहरात उतरलात, तर बॅगा पुढच्या शहरी निघून जातात आणि उतरलेल्या देशाचा व्हिसा नसेल तर आपल्यालाही बाहेर सोडत नाहीत. तेव्हा जाताना हा खेळ कोणी करू नये. नेहमी प्रवास करणाऱ्यांनी वरचेवर असे केले, तर कंपन्या त्यांचे साठलेले मैलही रद्द करतात; आपल्यासारख्या पाच वर्षांतून एकदा जाणाऱ्याला ती भीती नाही.

दुसरा प्रकार आपल्याकडे सर्वांत जास्त घडतो, तो परतीचा टप्पा सोडण्याचा. आई सहा महिन्यांसाठी गेली, नातवंड अंगावर खेळू लागले, पाय निघेना. "जाऊ पुढच्या महिन्यात" म्हणून ठरलेली तारीख तशीच जाऊ दिली. बायांनो, माया मला कळते, पण तारीख जाऊ देऊ नका. विमान सुटण्यापूर्वी तारीख बदलून घेतली, तर बदलाची फी आणि भाड्यातला फरक भरून तेच तिकीट चालण्याची शक्यता असते. विमान सुटून गेल्यावर तुम्ही 'नो-शो' होता; मग काही तिकिटांत दंड भरून काम होते, काहींत संपूर्ण भाडे बुडते.

त्याहून महत्त्वाची तारीख वेगळीच आहे. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी एका खेपेस किती दिवस राहायचे, ते उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो. पुष्कळदा सहा महिने मिळतात. युरोपातल्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर राहता येत नाही. परतीचा टप्पा सोडणे हा गुन्हा नव्हे. परवानगीच्या तारखेनंतर राहणे मात्र अंगाशी येते, आणि पुढच्या बाळंतपणाला व्हिसा मिळताना अडते. म्हणून तिकिटाची तारीख आणि मुक्कामाची तारीख, दोन्ही देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

देशातल्या देशात स्वस्त विमाने चालवणाऱ्या कंपन्यांचे तंत्र थोडे निराळे. त्या बहुधा प्रत्येक टप्पा वेगळा विकतात. जाण्याचा भाव वेगळा, येण्याचा वेगळा, बेरीज खाली. तिथे जाण्याचा टप्पा सोडल्याने येण्याचा बिघडेलच असे नाही. पण सगळ्यांच्या अटी सारख्या नसतात, आणि शेजाऱ्याचे चालले म्हणून आपले चालेल हे धरून बसू नये. शंका असेल तिथे जाण्याचे आणि येण्याचे तिकीट मुळातच वेगवेगळे काढावे. थोडे महाग पडले तरी एक बुडाले तर दुसरे तरते. अभ्यास दौऱ्याच्या गटाने जाणाऱ्यांनी मात्र यातले काहीच परस्पर करू नये. गटाच्या तिकिटाच्या अटी सहसा जास्त कडक असतात, आणि एकट्याने मागे राहायचे असेल तर दौरा नेणाऱ्याला निघण्यापूर्वी विचारावे.

आणखी एक फरक समजून घ्या. एकाच तिकिटात पहिले विमान कंपनीच्या उशिराने पोहोचले आणि म्हणून पुढचे चुकले, तर तो तुमचा दोष नव्हे. पुढच्या विमानात बसवून देणे त्यांचे काम आहे. तिथे घाबरून स्वतःच्या पैशांनी नवे तिकीट काढू नका, खिडकीवर ठाण मांडा. पण घाटात ट्रक उलटला, आपली जीप अडकली आणि पुण्याचे विमान चुकणार असे दिसले, तर जीपमधूनच फोन लावा. विमान सुटायच्या आत कळवले, तर पुढचे टप्पे वाचवण्याची काही वाट निघू शकते. मागाहून स्वतः दुसऱ्या विमानाने दिल्ली गाठली, तरी तिथे पुढचे तिकीट खोडलेले सापडण्याची भीती असते.

कळवायचे कसे? तिकीट एजंटाकडून किंवा एखाद्या संकेतस्थळावरून काढलेले असेल, तर आधी त्यांना सांगा, कारण बदल पुष्कळदा त्यांच्यामार्फतच करावा लागतो; आणि कंपनीच्या फोनवरूनही खात्री करा. सहा अक्षरांचा पी.एन.आर. हाताशी ठेवा. शब्द असे वापरा : "पहिला टप्पा आम्ही वापरणार नाही. तो काढून तिकीट नव्याने बनवून द्या. फरक किती, ते सांगा." नुसते "आम्ही दिल्लीहून बसतो" एवढे सांगून भागत नाही, समोरचा "हो" म्हणतो आणि यंत्रात काहीच बदलत नाही. नवे तिकीट ई-मेलवर किंवा मोबाईलवर आले, त्यात दिल्लीपासूनच सुरुवात दिसली, तरच काम झाले समजा. तोंडी आश्वासनावर हरिद्वारची गाडी पकडू नये. फरक फार सांगितला, तर सरळ मुंबईहून बसावे आणि हरिद्वार येताना करावे. पण तेव्हाही दिल्ली-मुंबई हा शेवटचा टप्पा सोडत आहोत आणि बॅगा दिल्लीलाच घ्यायच्या आहेत, हे आधी बोलून घ्यावे.

सोडलेल्या टप्प्याचे काहीच परत मिळत नाही, हेही पूर्ण खरे नाही. भारतीय कंपन्यांच्या तिकिटांबाबत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे, की प्रवास न केलेल्या तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळाचे विकास शुल्क प्रवाशाला परत दिले पाहिजे. मूळ भाडे परत न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटालाही हे लागू आहे. रक्कम लहान असते, पण आपली असते. ती आपणहून मिळाली नाही, तर लेखी मागा. दाद लागली नाही, तर केंद्र सरकारच्या 'एअरसेवा' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते. त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठायला नको. बियाणे उगवले नाही म्हणून आपल्यापैकी काहींनी ती पायरी चढलेलीच आहे. पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवायला मी सांगत असतो. इथे तिकीट, पैसे भरल्याचा संदेश आणि एजंटाशी झालेले लेखी बोलणे तसेच जपावे.

निफाडच्या त्या जोडप्याला नातू झाला. बॅगेतले डिंकाचे लाडू वेळेवर पोहोचले, कारण मुलाने त्याच रात्रीचे विमान मिळवले होते. दोघे दिवाळीच्या आधी परत आले, बागेची छाटणी स्वतः उभे राहून करून घेतली. त्या एजंटाच्या दुकानी त्यांनी जाऊन विचारले तेव्हा तो पोऱ्या काम सोडून गेला होता.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळी आणि कामगंध सापळे यांविषयी लिहीन.